आधी तुमी

लग्नाला तीस वर्षं होईपर्यंत काशीराम घरतानं बायकोचं एकही काम अंगावर घेतलं नव्हतं. घेतलं तेव्हा नेमके तिचे उपास घेतले, आणि पनवेलच्या भातबाजारात महिनाभर जो गोंधळ माजला त्याला एवढंसं निमित्त पुरलं. पाणी भरायचं काम घेतलं असतं, भांडी घासायचं घेतलं असतं, तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण पुरुषमाणूस मदतीला उठला की त्याला घागर दिसत नाही, धर्म दिसतो.

काशीराम महादेवशेठच्या वखारीत मापारी होता. शेतकऱ्यानं आणलेलं भात पायलीनं मोजायचं आणि मोजताना खड्या आवाजात आकडा गायचा, हे त्याचं काम. पहिल्या पायलीला एक म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. मग दोन, तीन, चार असं सुरात पुढे. आवाज असा, की त्यानं वखारीत 'लाभ' म्हटलं की मागच्या आळीत त्याची बायको हौसा चुलीपुढे बसून म्हणायची, "लागलं आमचं मानूस कामाला."

ह्या हौसाच्या गालाला आतून एक गाठ आली. आधी ती दाढदुखी होती, मग उष्णता झाली, मग कुणाची तरी नजर झाली, आणि गावातले सगळे उपाय संपल्यावर मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात तिचा कॅन्सर झाला. (दुखणं तेच, नाव तेवढं मुंबईचं.) विजेचे शेक सुरू झाले. पहिली फेरी आटोपली तेव्हा हौसा निम्मी उरली होती. तोंड आतून सोललेलं, जिभेची चव गेलेली, आणि हात वर केला की हिरव्या बांगड्या थेट कोपरापर्यंत धावत जायच्या.

तिथला डॉक्टर तरुण होता, पण बोलणं स्पष्ट.

"दीड महिन्यानं दुसरी फेरी," तो म्हणाला. "मात्र आज आहे त्यापेक्षा वजन घटलं, तर मी शेक देणार नाही. शरीर सोसणार नाही त्यांचं. आणि अर्ध्यावर सोडलेला उपचार म्हणजे न केलेलाच. कळलं?"

"कळलं. खायाला घालायचं."

"खायला घालायचं. ताटभर एकदम नाही, ते जाणार नाही. थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा. दूध, अंडं कुस्करून, मऊ भात, माशाचं पाणी. मिरची नाही, कढत नाही. आणि उपास? एकसुद्धा नाही."

"नाय म्हंजे नाय," काशीरामनं बायकोच्या वतीनं सांगून टाकलं. हौसा काही बोलली नाही. बायको गप्प राहिली म्हणजे तिला पटलं, असं समजणारा काशीराम हा जगातला पहिला नवरा नव्हे.

परतीच्या एस. टी.त, मुंब्र्याची खाडी ओलांडल्यावर, हौसानं पदराआडून सांगितलं, "सोमवार नाय सोडनार."

"अगं डाक्टर काय बोलला?"

"डाक्टर मुंबईचा. देव इथला."

"वजन घटलं तं शेक नाय देनार तो! मग काय करशील?"

"अवो, सोमवार धरलेत ते कोनासाठी? तुमच्या आयुष्यासाठी. मी सोडले आनि तुमाला काय झालं तं? तवा काय डाक्टर येनार हाय?"

काशीराम खिडकीतून बाहेर बघत बसला. तीस वर्षं ही बाई सोमवारी का जेवत नाही, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. त्याला वाटायचं, बायकांना आवड असते.

सोमवार एकटा असता तरी एक वेळ ठीक होतं. सोबतीला संकष्टी होती, एकादशी होती, आणि मार्गशीर्ष तोंडावर आलेला, म्हणजे महालक्ष्मीचे गुरुवार होते. देवांनी मिळून हौसाचा आठवडा असा वाटून घेतला होता, की डॉक्टरच्या वाट्याला फारसं काही उरत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काशीराम दाजीभटांकडे गेला. दाजीभट विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देत. न विचारलेल्याचं देत नसत. त्याची दक्षिणा कोण देणार?

"दाजी, एकाचा उपास दुसऱ्याला घेता येतो काय?"

"येतो. प्रतिनिधी म्हणतात. बायकोच्या वतीनं नवऱ्यानं व्रत केलं तर फळ तिलाच मिळतं. हातावर पाणी सोडून संकल्प करायचा."

"मग सोडा पानी!"

पाणी सोडलं. काशीराम छाती काढून बाजारातून चालला. वखारीत पाय टाकताच त्यानं जाहीर केलं, की आजपासून हौसाचे सगळे उपास आपल्याकडे. हमालांनी कौतुक केलं. महादेवशेठनं चष्म्यावरून बघून म्हटलं, "वा काशीराम, आवडलं आपल्याला." हौसानंही मान डोलावली. तिचा धर्म वाचला, त्याचं आयुष्य वाचलं, डॉक्टरचं वजन वाचलं. एवढा साधा तोडगा आजवर कुणाला सुचला कसा नाही, याचंच त्याला नवल वाटत होतं.

सोमवारी तो नुसत्या पाण्यावर कामाला गेला. दिवसभर पोटात कावळे ओरडत होते, पण मन कसं तृप्त होतं. दिवेलागणीला घरी आला तर चुलीपाशी सहा वाट्या ओळीनं झाकून ठेवलेल्या. दुधावर साय धरलेली, भात घट्ट झालेला, अंडं गार पडलेलं. हौसा भिंतीला टेकून बसलेली, ओठ कोरडे.

"हे काय? जेवली नाय?"

"तुमी जेवल्याबिगर?"

"अगं, माझा उपास हाय!"

"हाय ना. मग तो सुटल्यावर जेवीन."

हौसानं लग्न झाल्यापासून त्याच्याआधी एक घास तोंडात टाकला नव्हता. हळदीला गेली, लग्नाला गेली, तो लांबच्या पंगतीत बसलेला असला तरी कुणाला तरी विचारून यायची, 'आमचं मानूस जेवलं का?' हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. पण सूर्य रोज उगवतो हे ठाऊक असलेला माणूस घर बांधताना उगवतीकडे बघतोच असं नाही. उपास तिच्यावरून उतरवून त्यानं स्वतःवर घेतला, आणि त्या एका उपासाचे दोन झाले.

"अगं, उपास मी घेतला तो तू खावंस म्हनून!"

"तुमी घेतलाव ते तुमचं पुन्य. मी माझं कशाला सोडू?"

तो तसाच उठून दाजीभटांकडे धावला. "दाजी, उपास परत द्यायचाय."

"संकल्प काय बाजारातली कोथिंबीर आहे, परत करायला? चातुर्मासापर्यंत तुझाच."

"पन ती जेवत नाय हो मी जेवल्याबिगर!"

"मग तू खा. फराळ चालतो. रताळं, केळं, दूध, साबूदाणा. फराळ केलास म्हणजे तू खाल्लंस. मग तिनं तिचं जेवावं."

काशीरामच्या जिवात जीव आला. हौसालाही हे मान्य झालं. फक्त तिनं एक गोष्ट लख्ख करून घेतली, "मी सहा येला खायचं ना? मंजे तुमी सहा येला. आधी तुमी."

आणि काशीराम कामाला लागला. वजन घटू द्यायचं नाही, एवढंच त्याच्या डोक्यात. सकाळी उठल्या उठल्या दूध. वखारीत जाण्याआधी अंडं. मग भात, मग माशाचं पाणी, मग खीर, मग पुन्हा भात. प्रत्येक वेळी वखारीतून धावत घरी यायचं, दोन घास गिळायचे, हौसा खाते की नाही ते बघायचं आणि धावत परत. तिला एक वाटी संपवायला जेवढा वेळ लागे, तेवढ्यात शेजारीण आपली सगळी भांडी घासून मोकळी होई. एकेक चमचा तोंडात गेला की ती डोळे मिटून घ्यायची. काशीराम समोर बसून हळू आवाजात म्हणायचा, "लाभ... दोन... तीन..." ती चिडायची, "मी काय भाताची रास हाय?" पण चिडून का होईना, पुढचा चमचा जायचा.

सुरुवातीला त्यानं चलाखी करून पाहिली. नुसतं तोंड हलवायचं, ढेकर द्यायची. हौसानं वाटीत बोट घालून पाहिलं. "घास कुटं गेला? वाटी हाय तशी भरलेली." पुन्हा चलाखी नाही.

आणि स्वयंपाक हौसाच करायची. चुलीजवळ दुसऱ्या कुणाला फिरकू द्यायची नाही. जिभेला चव राहिली नव्हती, त्यामुळे भातात मीठ दोनदा पडे आणि कालवणात पडतच नसे. मिरची तर डॉक्टरनं घराबाहेरच काढलेली. काशीराम घास गिळायचा, आणि ती त्याच्या तोंडाकडे बघत असायची.

"कसं झालंय?"

"ब्येस!"

"खरं?"

"अगं, आनखी वाढ!"

(असं म्हणायची गरज नव्हती. पण जीभ एकदा घसरली की वाढप थांबत नाही.)

इथवर निभलं असतं. पण सुगीचं भात बाजारात आलं. वखारीपुढे गाड्यांची रांग, आणि मापारी दर थोड्या वेळानं घरी पळतोय. महादेवशेठनं एके दिवशी फाटक अडवलं.

"काशीराम, तू माप करतोस का शर्यत?"

"शेठ, मी जेवलो नाय तं ती जेवत नाय."

"मग इथंच जेव. डबा आण."

"पन मी जेवलो हे तिला कसं कळनार?"

शेठ वैतागून म्हणाला, "ओरडून सांग! तुझा आवाज उरणपर्यंत जातो!"

शेठ रागानं बोलला होता. काशीरामनं ते मनावर घेतलं. मापारी गाणं अर्ध्यावर सोडत नाही. सूर चालू ठेवून त्यातच निरोप पाठवायचा, असा बेत त्यानं हौसाशी पक्का केला. दुसऱ्या दिवशी विचुंब्याच्या गणूचं भात मोजायला घेतलं. पायली भरत होती, आवाज चढत होता.

"लाऽऽभ! दोऽऽन! तीऽऽन! चाऽऽर! पाऽऽच!" मधेच वाकून त्यानं डब्यातलं अंडं तोंडात कोंबलं, गिळलं आणि त्याच सुरात, त्याच चालीवर गायला, "जेऽऽवलो!"

पायली ओतली गेली.

"साऽऽत!"

गणू ताडकन उठला. "सात कशी? सहावी कुटं गेली?"

"ही काय, आता ओतली!"

"ती तं जेवलो होती!"

"अरे जेवलो मंजे मी जेवलो!"

"मग सहा कोन बोललं? तुमी बोललाव का सहा?"

नाही, सहा कुणीच म्हटलं नव्हतं. बाजाराचा नेम असा, की मापाचा सूर तुटला की ती रास पुन्हा पहिल्यापासून मोजायची. मोजलेलं भात उलटं ओतलं, पुन्हा 'लाभ' पासून सुरुवात. आता काशीरामनं निरोप दोन पायल्यांच्या मधे, वेगळ्या चालीत द्यायचं ठरवलं. पण पाठीमागच्या आळीतून हौसाचा आवाज आला, "काय म्हनलाव? ऐकू नाय आलं!" आणि तो सवयीनं वळून ओरडला, "जेवलो गं, जेवलो!" वळला तो वळला, परत फिरेपर्यंत आपण किती म्हणालो हे तो स्वतःच विसरला. हमाल म्हणाला अकरा. गणू म्हणाला तेरा. शेठ म्हणाला, "दहा असतील तर बघ."

रास तिसऱ्यांदा मोजली. दिवस कलला तरी गणूचंच भात चाललेलं, आणि मागे गाड्यांचे बैल रवंथ करून करून दमलेले.

"अवो पन तुमी सारखं जेवलो जेवलो काय करताव?" गणूनं शेवटी कपाळावर हात मारून विचारलं. "आमीबी जेवतो. गावात दवंडी नाय पिटत!"

काशीराम तिथंच भाताच्या राशीवर बसला आणि त्यानं सगळं सांगितलं. गाठ, शेक, वजन, सोमवार, प्रतिनिधी, आधी तुमी. सांगताना त्याचा तो खडा आवाज पार बसला. गाडीवानांचा घोळका जमला होता.

गणूनं गाडीवरून आपली भाकरीची फडकी काढली. आत सुका बोंबील भाजलेला होता. त्यानं ती काशीरामच्या पुढ्यात ठेवली.

"खावा आधी. वैनी खोळंबली असंल. माप मग."

त्या दिवसापासून पनवेलच्या भातबाजारात एक नवीनच रीत पडली. गाडी वखारीला लागली, की भात उतरायच्या आधी मापाऱ्याला खाऊ घालायचं. कुणी उकडलेलं अंडं आणी, कुणी केळी, कुणी घरच्या म्हशीचं दूध. सोमवारवाल्यांनी रताळी आणली. खाऊन झालं की काशीराम आवाज देई, पलीकडून हौसाचं उत्तर येई, "बसले!" आणि मग 'लाभ' सुरू होई. काशीराम एकालाही नाही म्हणाला नाही. पोट तट्ट झालं, सदऱ्याची बटणं लागेनाशी झाली, पायली उचलताना वाकवेना. पण तो खात राहिला. एकेक घास म्हणजे पलीकडे तिचा एकेक घास, हा हिशोब त्याला पक्का कळला होता, आणि आयुष्यभर त्यानं दुसरं केलं तरी काय होतं? एका बाजूला ओतायचं, दुसऱ्या बाजूला भरलं की नाही बघायचं.

बांगड्या कोपरापर्यंत जायच्या त्या अर्ध्या हातावर अडायला लागल्या. काशीराम रोज तिला पाण्याचा तांब्या वरच्या फळीवरून काढायला सांगायचा, केवळ त्या कुठे अडतात ते बघायला.

आणि इस्पितळाची तारीख पंधरा दिवसांवर आली असताना काशीरामचं पोट बंद पडलं.

बंद म्हणजे साफ बंद. बोंबील, रताळी, खीर, साबूदाणा, अंडी, सगळ्यांनी आत एकमेकांशी भांडण काढलं. सकाळी दुधाची वाटी समोर आली आणि तो अंथरुणातच तोंड फिरवून कण्हायला लागला. वैद्य आले. पोट दाबलं. काशीराम ओरडला. वैद्य म्हणाले, "लंघन. पोटात काही घालायचं नाही. मी सांगेन तेव्हा पेज."

घालायचं नाही! काशीरामनं वाटी ओढली. "मी खातो. मना खायलाच पायजे." एक घोट घेतला आणि दोन घोट बाहेर आले.

हौसा आपली वाटी घेऊन त्याच्या उशाशी बसली. बसूनच राहिली. दुपार झाली, तिनं तोंडाला काही लावलं नाही.

"हौसे, पी गं ते दूध."

"तुमी पोटात काय नाय घेतलंत."

"मी आजारी हाय!"

"मग मी काय धडधाकट हाय?" ती म्हणाली. बोलताना तिचा ओठ फाटला आणि रक्त आलं. दुसऱ्या दिवशीही तेच. काशीरामला बांगड्या बघवेनात. महिनाभर घास घास करून चढवलेलं दोन दिवसांत उतरत होतं, आणि तो नुसता आडवा पडून ते बघत होता.

दाजीभट समाचाराला आले. काशीराम कण्हत म्हणाला, "दाजी, उद्या सोमवार. माझ्यानं फराळ होत नाय, आता उपासाचं काय?"

"तुला कसला उपास? आजाऱ्याला नियम नसतो. शास्त्रच आहे तसं."

काशीराम कोपरावर उठला. "आजाऱ्याला नियम नसतो?"

"नसतो."

"मग हे हौसाच्या येळी का नाय सांगितलंत?"

"तेव्हा तू विचारलंस, दुसऱ्याला घेता येतो का. आजाऱ्याला करावा लागतो का, हे कुठे विचारलंस?" दाजीभटांनी उपरणं झटकलं आणि निघाले. काशीरामच्या अंगात ताकद असती तर शास्त्रानं त्या दिवशी मार खाल्ला असता.

तेवढ्यात शेजारची कुलसुम आली. तिच्या कोंबड्यांची अंडी महिनाभर ह्याच घरात येत होती. कालपासूनची अंडी तशीच टोपलीत पाहून तिचं डोकं फिरलं.

"या अल्ला, हे काय चाललंय? एक बिछान्यात, दुसरी बिछान्याशी, आणि दूध बिचारं मधे साय धरून बसलंय! काशीरामभाऊ, उठा, दोन घास खा म्हणजे ही खाईल."

"वैदानं लंघन सांगितलंय गं."

"लंघन! मग ह्यांना पेज कोण करून देणार? गरम पाणी कोण ठेवणार? अंथरूण कोण काढणार? मला सांगू नका हां, मला माझ्या कोंबड्या आहेत."

"मी हाय ना," हौसा म्हणाली.

"तू? तुझ्यानं घागर तरी उचलते का? जरा उभी राहा बघू!"

हौसा झटक्यानं उभी राहायला गेली. गेली, आणि भिंत धरून पुन्हा खाली बसली. तिनं एकदा अंथरुणातल्या नवऱ्याकडे पाहिलं, एकदा चुलीकडे पाहिलं. मग वाटी उचलली, साय बोटानं बाजूला सारली आणि सगळं दूध पिऊन टाकलं.

काशीराम बघतच राहिला. "अगं, मी जेवलो नाय!"

"तुमी पडून ऱ्हावा. घरात एक तं मानूस उभं पायजे," हौसा म्हणाली. "कुलसुम, ती अंडी दे इकडं."

उभ्या जन्मात हौसा भूक लागली म्हणून जेवली नव्हती. कामाला बळ पाहिजे म्हणून जेवली होती. बायका बहुतेक तशाच जेवतात. तिला 'तू खा, तू आजारी आहेस' म्हणून सांगणं म्हणजे बैलाला 'तू गाडीत बस' म्हणण्यासारखं होतं. ते तिला कळतच नव्हतं. पण घरात एक आजारी माणूस आहे आणि त्याचं सगळं आपल्याला करायचंय, हे तिला चांगलं कळत होतं. त्या दिवशी तिनं सहा वेळा खाल्लं. तोंड सोललेलं होतं, डोळ्यांतून पाणी येत होतं, पण कमरेला पदर खोचून खाल्लं. विहिरीवर घागर न्यायची असते तसं.

तिसऱ्या दिवशी काशीरामचं पोट बरं झालं.

सकाळी जाग आली ती चांगली कडकडीत भूक लागून. उठून बसणार तोच त्याला चुलीपाशी हौसा दिसली, भात कुस्करत होती, पुटपुटत होती, "खाल्लं पायजे, नायतर ह्यांचं कोन बघंल?" काशीराम उठता उठता थांबला. हळूच पुन्हा आडवा झाला. चादर हनुवटीपर्यंत ओढली आणि म्हणाला, "आऽई गं."

पुढचे दिवस त्यानं कसे काढले ते त्यालाच माहीत. समोर मऊ पेज, बिनतिखटाची, कधी खारट, कधी अळणी. शेजारून कुलसुमच्या घरच्या कालवणाचा वास भिंत ओलांडून यायचा आणि त्याच्या नाकाशी येऊन बसायचा. विचुंब्याहून गणू समाचाराला आला, येताना ताजी कोळंबी घेऊन आला. हौसानं ती वाटून तिचं पाणी काढलं आणि प्याली. काशीरामला वास मिळाला. बाजारात माप बिनसुराचं चाललं होतं, शेठ रोज निरोप पाठवत होता. पण तो हलला नाही. जरा बरं वाटतंय असं एकदा चुकून बोलला, तर हौसानं हातातली वाटी खाली ठेवली. तेव्हापासून त्याला कधीच बरं वाटलं नाही. महिनाभर हट्टानं खाल्लं होतं, तेवढ्याच हट्टानं आता तो उपाशी पडून राहिला. गाल बसले, सदरा झोळीसारखा लोंबायला लागला.

तारखेला दोघं इस्पितळात पोचली तेव्हा हौसानं काशीरामचा दंड धरला होता. दारावरचा माणूस चाकाची खुर्ची घेऊन धावत आला आणि त्यानं काशीरामला तिच्यात बसवलं.

"मी नाय, ती!" काशीराम म्हणाला.

"सगळे असंच म्हणतात," तो माणूस म्हणाला आणि खुर्ची ढकलत निघाला.

हौसाला काट्यावर उभं केलं. काशीरामनं डोळे मिटून घेतले. आयुष्यभर दुसऱ्यांची मापं केली, पण हे माप त्याच्यानं बघवेना. काटा हलून थांबल्याचा आवाज आला. मग डॉक्टरचा.

"होतं तेवढं आहे. वर दोन रत्तल. शाब्बास! आजच सुरू करू शेक. बाई, हे जमवलंत कसं?"

"हे आजारी पडले, साहेब," हौसा म्हणाली. "मग मना खावंच लागलं."

डॉक्टरनं तिला शेकाच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसायला पाठवलं आणि काशीरामला आत बोलावलं. पोट दाबलं, छाती ऐकली, जीभ बघितली, डोळे उलटवले. मग खुर्चीत मागे रेलून बसला.

"तुम्हाला काय होतंय?"

काशीरामनं दाराकडे पाहिलं आणि कुजबुजला, "भूक, साहेब."

त्यानं सगळं सांगितलं. डॉक्टर ऐकत होता, मधेच रुमाल तोंडाला लावत होता. ऐकून झाल्यावर त्यानं विचारलं, "मग आता काय विचार आहे?"

"आता शेक सुरू झाले ना, साहेब. आता मी बरा होतो. बाहेर एक खानावळ बघून ठेवलीय. झणझणीत मटन मिळतं." बोलता बोलता त्याच्या तोंडाला पाणी सुटलं.

डॉक्टर उठला, त्याला धरून बाहेर बाकापाशी घेऊन आला आणि गंभीर चेहऱ्यानं हौसाला म्हणाला, "बाई, ह्यांची प्रकृती फार नाजूक आहे. दोन महिने तरी जपावं लागेल. तुम्ही सहा वेळा नीट खाल्लंत, तरच तुमच्यानं ह्यांचं होईल. ह्यांना मात्र पेज. बिनतिखटाची. दुसरं काहीही नाही."

"दोन म्हयने?" काशीरामचा आवाज खड्ड्यातून आल्यासारखा आला.

"जास्तही लागतील," डॉक्टर म्हणाला. "सांभाळून राहा." आणि आत निघून गेला.

हौसानं मान हलवली, पदर खोचला आणि पिशवी उघडली. कुलसुमनं वाटेसाठी चार अंडी उकडून दिली होती. तिनं ती एकेक करून सोलली, वाटीत दुधात कुस्करली आणि सावकाश, डोळे मिटून, शेवटच्या चमच्यापर्यंत सगळी संपवली. मग तोंड पुसलं, टरफलं गोळा केली आणि काशीरामच्या ओंजळीत दिली.

"एवढी टाकून या," ती म्हणाली. "आनि सावकास जावा. वजन झेपलं नाय तं दोन खेपा करा."